दुधाचे दात आणि मामांचं आमंत्रण

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते ओरत्तनाडूच्या सरकारी शाळेत आम्हाला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या टीचरांचे. आईवडिलांचे उपकार वेगळे, ते कुणी मोजत नाही. पण मी दातांचा डॉक्टर झालो तो टीचरांमुळे, आणि मराठी लिहू शकतो तेही त्यांच्यामुळेच.

आमचे अप्पा भाताच्या गिरणीत पोती शिवायचे. घरात आम्ही मराठी बोलायचो, म्हणजे तंजावरची मराठी, जिच्यात निम्म्या वस्तूंची नावं तमिळ असतात. वाचता मात्र फक्त तमिळ यायचं. देवनागरी अक्षरं होती ती देवघरातल्या एका जुन्या तसबिरीखाली, आणि तिथे काय लिहिलंय हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. टीचरही आमच्यासारख्याच तंजावरच्या मराठी. निवृत्त झाल्यावर त्या लेकीकडे पुण्याला गेल्या. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन नको म्हणतात. "पत्र लिही, आणि मराठीत लिही. मला शेजारणींना दाखवायचंय," असं जाताना बजावून गेल्या. मग मी नोकरी करता करता देवनागरी गिरवली. माझी पहिली पत्रं लाल पेनाच्या खुणांसकट परत आली. अजूनही येतात, पण आता लाल कमी असतं.

अकरावीत असताना टीचर एकदा जेवणाच्या डब्यातून बोकडाचा जबडा घेऊन आल्या. त्यांच्या घरी अंडंसुद्धा येत नव्हतं. तो जबडा त्यांनी खाटकाकडून मागवला, परसात चूल मांडून उकळला आणि करवतीने उभा कापला. बोकड कोवळा होता. वर दुधाचे दात, आणि हाडाच्या आत, प्रत्येक दाताच्या खाली, अजून न उगवलेला दुसरा दात अंग चोरून बसलेला. टीचरांनी काहीच समजावलं नाही. डबा वर्गात फिरवला आणि म्हणाल्या, "उत्तर कुणी सांगायचं नाही. ज्याला जो प्रश्न पडेल तो त्याने फळ्यावर लिहायचा." मी लिहिलं : वरचा दात किडला तर खालच्याला कळतं का?

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि पुढे काय करायचं ठरवलंयस असं विचारलं. मी सांगितलं की गिरणीत हिशेब लिहायला माणूस हवाय, अप्पांनी मालकांशी बोलणं केलंय. "गिरणीला दुसरा माणूस मिळेल," टीचर म्हणाल्या. त्यानंतर प्रवेशाचे अर्ज, चेन्नईच्या खेपा, इंग्रजीतल्या सूचना, सगळं त्यांनी निभावलं. अप्पा अजूनही लोकांना सांगतात, "पोराला डॉक्टर मी नाही केला. मी नुसता पिशवी धरून उभा होतो."

आता मी तंजावरात एका दवाखान्यात काम करतो, आणि आठवड्यातून एक दिवस एका संस्थेतर्फे ओरत्तनाडूच्या बाजूच्या गावांमध्ये जातो. काम सोपं वाटतं. बालवाडीतल्या मुलांचे दात बघायचे, ब्रश कसा धरायचा ते आयांना दाखवायचं, आणि ज्या मुलाला उपचार हवेत त्याच्या आईला चिठ्ठी देऊन तंजावरला बोलवायचं. उपचार फुकट. मी चिठ्ठ्या द्यायचो, आया त्या नीट घडी करून पर्समध्ये ठेवायच्या, आणि तंजावरला जवळजवळ कुणीच यायचं नाही.

मला वाटलं, बसची अडचण असेल. कालव्याच्या कडेच्या गावांना बस येते ती तिच्या मर्जीने. म्हणून संस्थेकडे हट्ट धरून एक व्हॅन मागून घेतली. व्हॅन सकाळी गावात गेली, देवळासमोर थांबली, हॉर्न वाजवून परत आली. ड्रायव्हर खाली उतरून मला म्हणाला, "सार, वारा आणलाय. उतरवून घ्या."

म्हणजे अडचण बसची नव्हती. मग कशाची होती? रागापेक्षा मला कुतूहलच जास्त वाटलं. आपला अंदाज सपशेल चुकला की खरा प्रश्न कुठेतरी दुसरीकडे आहे एवढं तरी कळतं.

ज्या बालवाडीतली ही हकीकत आहे तिथे मुलं सांभाळणाऱ्या बाईंना सगळं गाव अक्का म्हणतं, मीही म्हणतो. एके दिवशी अक्कांनी साडेतीन वर्षांची एक मुलगी माझ्यापुढे आणली. जावळ अजून काढलेलं नव्हतं. लांब केसांची वर एक शेंडी बांधलेली. कान मोकळे. "ही भात गालात धरून बसते," अक्का म्हणाल्या. "सगळ्यांची जेवणं होतात, हिचा पहिला घास तिथेच. वजन कधीपासून हललेलं नाही."

एवढी लहान मुलं खुर्चीत आडवी होत नाहीत. त्यांना बघायची पद्धत निराळी आहे. दोन मोठ्या माणसांनी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. मूल त्यातल्या एकाच्या मांडीवर, त्याच्याकडे तोंड करून. मग त्याला हळूच मागे कलंडवायचं, म्हणजे डोकं डॉक्टरच्या मांडीवर येतं. मुलाला आपलं माणूस दिसत राहतं आणि डॉक्टरला तोंड. त्या दिवशी अक्काच समोर बसल्या. मुलीचे वरचे पुढचे दात हिरडीपर्यंत तपकिरी झाले होते. खाली डाव्या बाजूच्या दाढेला मोठं भोक होतं आणि तिच्या मुळाशी हिरडीवर पुवाची बारीक पुटकुळी. रात्री बाटलीतून खडीसाखरेचं दूध पीत झोपायची सवय असलेल्या मुलांचे दात असे होतात. पुढचे दात गावातच सांभाळता येण्यासारखे होते. दाढेसाठी मात्र तिला तंजावरला नेणं भाग होतं, आणि लवकर. पू गालात उतरला तर ताप, सूज, मोठं हॉस्पिटल, असं सगळं मागे लागलं असतं.

आईने मान डोलावली, चिठ्ठी घेतली. आली नाही. पुढच्या वेळी पुन्हा मान डोलावली. तिसऱ्या वेळी मी अक्कांना म्हणालो, "मला त्यांच्या घरी घेऊन चला. भांडायला नाही. नुसतं विचारायचंय."

घर नवं होतं, टाइल्सचं. मुलीचा बाप सिंगापूरला बांधकामावर. घरात त्याची आई, म्हणजे मुलीची आजी. तिला सगळे पाट्टी म्हणतात, आमच्याकडे आजीला तोच शब्द. पाट्टींनी कॉफी दिली, माझं गाव विचारलं, अप्पांची गिरणी कुठली ते विचारलं. सगळं बोलणं अर्थातच तमिळमध्ये. मग मी दाढेचा विषय काढला.

"तंबी," म्हणजे धाकट्या भावा, "तू चांगला आहेस," पाट्टी म्हणाल्या. "पण आधी कान, मग दात."

"म्हणजे?"

"पोरीचं जावळ काढायचंय, कान टोचायचेत. कुलदेवाच्या देवळात, मामाच्या मांडीवर. ते होईपर्यंत तिच्या तोंडाशी हत्यार लागू देणार नाही मी."

जावळ आणि कान मामाच्या मांडीवर, हे मला नवं नव्हतं. आमच्या मराठी घरांतही तसंच असतं. माझंही जावळ मामाच्याच मांडीवर निघालं. त्याआधी डॉक्टरचं हत्यार नको, हा नियम मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तो पाट्टींचा स्वतःचा होता. पण त्या घरात पाट्टींचा नियम म्हणजे नियम.

"मग कान कधी टोचणार?"

"तिचा मामा येईल तेव्हा."

"तो कधी येईल?"

पाट्टींनी माझा रिकामा पेला उचलला. "ते त्याला विचार." सून उठून स्वयंपाकघरात गेली.

रस्त्यात अक्कांनी उलगडा केला. या घराच्या वास्तुशांतीची पत्रिका छापली तेव्हा तिच्यात गावभरची नावं होती. सिंगापूरच्या मुकादमाचंसुद्धा होतं. मुलीच्या सख्ख्या मामाचं नव्हतं. आमच्याकडे कुठल्याही पत्रिकेत मामाचं नाव ठळक अक्षरात लागतं. "पाट्टी म्हणतात छापखान्याने गाळलं," अक्का म्हणाल्या. "मामा म्हणतो, छापखान्याला माझं नाव कुणी दिलं असेल तर तो गाळेल ना. तेव्हापासून त्या उंबऱ्याला पाय लावलेला नाही त्याने."

"मग एकदा जाऊन बोलवायचं की."

"कोण जाणार? पाट्टी म्हणतात तो लहान आहे, त्याने यावं. तो म्हणतो चूक त्यांची, त्यांनी यावं. आई बिचारी मधे."

आणि पुटकुळी त्या दोघांसाठी थांबून राहणार नव्हती.

मामाचं तंजावरला जुन्या बसस्टँडच्या मागे मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातले जळलेले पंप तिथे येतात. मी गेलो तेव्हा तो मांडी घालून तांब्याची तार गुंडाळत होता. चाळिशीचा असेल. मी कोण ते सांगितलं. हात थांबला नाही.

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. मीच आलो."

"मग तुम्ही माझे कोण, सार? वाईट वाटून घेऊ नका. घरचं माणूस आलं असतं तर गोष्ट वेगळी."

माझ्या पिशवीत लहान मुलाच्या जबड्याचा प्लास्टिकचा नमुना असतो, एक बाजू उघडी, आतले दात दिसतील असा. मी तो त्याच्यापुढे ठेवला. त्याने तार खाली ठेवली. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला उघडी वस्तू दिसली की हात आवरत नाही. त्याने तो फिरवून पाहिला, नखाने आतला दात टोकरला.

"हा आतला कधी बनतो?"

"बनायला लागलेला असतो. तिच्याही आहे, आत्ता."

"वरची जळली तर आच खालपर्यंत जाते?"

"जाऊ शकते, अण्णा."

त्याने नमुना माझ्या हातात परत दिला. मग उठून कपाट उघडलं, एक लाल डबी काढली, आतले दोन इवले डूल मला दाखवले आणि डबी परत ठेवून दिली. "तिच्या जन्माच्या वर्षीच केलेत. पण बोलावल्याशिवाय त्या दारात जाणार नाही मी. घराला आग लागली तरी जाणार नाही." मग जरा विचार करून म्हणाला, "नाही, आग लागली तर जाईन." मी निघालो तेव्हा त्याने मागून विचारलं, "दुखतं का तिला?"

"दुखतं. सांगत नाही. एकाच बाजूने चावते."

पुढच्या आठवड्यात मी हे सगळं अक्कांना सांगितलं. त्या मुलांना सांबारभात वाढत होत्या. ऐकून म्हणाल्या, "पाट्टी जाणार नाही, मामा येणार नाही. आता बालवाडीनेच पत्रिका छापावी आणि गावातल्या सगळ्या मामांना बोलवावं. बँडबाजासकट." आणि स्वतःच हसल्या.

मी हसलो नाही, कारण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. "अक्का, इथल्या मुलांना ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं?"

"बाप परदेशात नाहीतर शेतात. आई एकटी निघाली तर सासू विचारणार कुठे, कशाला, स्वयंपाक कोण करणार. ताप असेल तर जाऊ देते. दातासाठी नाही. दुधाचे दात, पडणारच आहेत म्हणते."

"आणि मामा न्यायला आला तर?"

अक्कांचा डाव तसाच भातात राहिला. "मामा नेतो म्हटल्यावर सासू काय विचारणार?"

त्या दुपारी आम्ही बसून हिशोब लावला, कुठल्या मुलाचा मामा कुठे असतो. बहुतेक जण मोटरसायकलने येता येईल एवढ्या अंतरावर होते. मला गंमत वाटली ती ही, की दात बघताना समोर बसायला मला घट्ट मांडीचा माणूस हवाच होता. आया घाबरून मुलाचे हात सोडून देतात. आणि इथे एक असा माणूस होता ज्याचं कामच मुळी मांडी देणं. मी व्हॅन मागत बसलो होतो.

पत्रिका पिवळ्या कागदाच्या, कोपऱ्यांना हळद लावलेल्या. मजकूर अक्कांनी सांगितला : आमच्या बालवाडीतल्या मुलांच्या दातांची तपासणी मामांच्या मांडीवर करण्याचं योजलं आहे, तरी मामांनी अगत्य यावं. वर प्रत्येक मामाचं नाव अक्कांनी स्वतः हाताने घातलं, आणि घालताना मोठ्याने वाचलं. संस्थेतल्या आमच्या मुख्य बाई फोनवर म्हणाल्या, "ही तपासणी आहे की लग्न?" मी म्हणालो, तिथल्या लोकांना लग्नाला यायची सवय आहे.

पत्रिका प्रत्येक आईने आपल्या भावाला नेऊन द्यायची असं ठरलं. ताटात विडा, केळी, हळदकुंकू. त्या मुलीची आईही ताट घेऊन तंजावरला गेली. पाट्टींना हरकत घेता आली नाही, कारण गावातली प्रत्येक सून ताट घेऊन निघाली होती, आणि बोलावणं पाट्टींचं नव्हतं, बालवाडीचं होतं. पुढचं त्या आईनेच मला नंतर सांगितलं. भावाने पत्रिका घेतली, आपलं नाव वाचलं, दुकानातल्या पोराला वाचून दाखवलं, आणि बहिणीला एवढंच विचारलं, "दहा म्हणजे दहालाच का?"

त्या दिवशी बालवाडीसमोर मोटरसायकलींची रांग लागली. धोतरासारख्या पांढऱ्या वेष्ट्या, इस्त्रीचे शर्ट, एकाने तर भाचीसाठी नवा फ्रॉक आणलेला. आमची एक चूक मात्र झाली. मामाने रिकाम्या हाताने यायचं नसतं, हे आम्ही कुणीच लक्षात घेतलं नव्हतं. दातांच्या तपासणीला प्रत्येक मामा जिलबी, लाडू, मैसूरपाक, नाहीतर गोळ्यांची पिशवी घेऊन आला होता. अक्कांनी सगळा खाऊ जप्त करून तांदळाच्या ड्रमवर रचला आणि दारात उभं राहून जाहीर केलं, "तपासणी झाल्यावर, जेवणाबरोबर, एकेक. मग चुळा. ज्याला पटत नसेल त्याने आपला मैसूरपाक घेऊन परत जावं." कुणी गेलं नाही.

त्या मुलीचा मामा दहाला आला नाही. पाट्टी आल्या होत्या; खिडकीखाली बसल्या होत्या, तोंड बाहेर करून. बहुतेक मुलं बघून झाली तेव्हा तो आला. आत येताना पाट्टींकडे पाहिलं नाही, माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसला आणि गुडघे माझ्या गुडघ्यांना लावले. मुलगी त्याला ओळखत नव्हती. आईने ढकललं तशी ती आईच्या साडीत शिरली.

मामाने खिशातून पेनाएवढा टॉर्च काढला, पंपाच्या आत बघायचा, आणि तिच्या हातात दिला. "आधी तू माझे बघ."

तिने बराच विचार केला. मग साडीतून बाहेर आली, त्याच्या मांडीवर चढली, त्याच्या आ केलेल्या तोंडात उजेड पाडला. विड्याने रंगलेले दात, एक दाढ गायब.

"घाण आहेत," ती म्हणाली.

सगळी बालवाडी हसली. खिडकीखालीही कुणीतरी हसलं आणि लगेच पदर तोंडाला लावला.

मुलगी मागे कलंडली, टॉर्च हातातच. पुढच्या दातांना मी चांदीचं औषध लावणार होतो. ब्रशने लावायचं, खरवडणं नाही, दुखणं नाही, कीड थांबते. पण किडलेली जागा कोळशासारखी काळी पडते, ती दात पडेपर्यंत तशीच राहते. हे आधी सांगावं लागतं. मी सांगितलं.

पाट्टी अक्कांना म्हणाल्या, "त्याला सांग, कान टोचायच्या फोटोत पोरीचे दात काळे दिसतील."

मामा अक्कांना म्हणाला, "त्यांना सांगा, कान टोचताना कुठलं पोर हसतं?"

"त्याला सांग, रडताना तोंड जास्त उघडतं."

"मी काय पोस्ट आहे का?" अक्का म्हणाल्या. "तीन हातांवर बसलाय दोघं. एकमेकांना सांगा."

मुलगी मामाच्या तोंडाकडे उलटी बघत होती. शेवटी तो थेट पाट्टींना म्हणाला, "अत्तै," म्हणजे आत्या, "हे पडून नवे येणार आहेत. डॉक्टरांनी मला दाखवलंय, आत तयार आहेत."

"मला शिकवतोस? मला काय दात आले नव्हते?" पाट्टी म्हणाल्या. पण तोंड आता आत वळलं होतं. "कान नाही झाले अजून."

"मांडी तीच आहे."

पाट्टी त्या मांडीकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "लाव, तंबी. काळं तर काळं. दाढेचं काय ते यालाच सांग. हाच नेईल."

मी औषध लावलं. पुढच्या आठवड्यात मी टीचरांना हे पत्र लिहिलं. त्यांनी ते दुरुस्त करून परत पाठवलं आहे. खाली देतो ते दुरुस्त केलेलंच.

टीचर, नमस्कार करून लिहितो.

मागच्या पत्रात ज्या मुलीविषयी लिहिलं होतं तिला मागच्या आठवड्यात तिचा मामा तंजावरला घेऊन आला. मोटरसायकलवर पुढे ती, मागे तिची आई, मधे दुधाची बाटली, जी मी आता रिकामी ठेवायला सांगितली आहे. दाढ वाचवता आली नाही. मी दोनदा तपासली, आमच्या मोठ्या डॉक्टरांनाही दाखवली. पू खाली उतरला होता. काढावी लागली. ती खूप रडली, मामाचा शर्ट ओढून एक बटण तोडलं. पण खालचा दात शाबूत दिसतो, आणि सूज यायच्या आत काम झालं. महिनाभर आधी आली असती तर दाढही राहिली असती, असं मला वाटतं. हे मी त्यांना बोललो नाही. तुम्हाला लिहितो.

रिकाम्या जागेत शेजारचे दात सरकू नयेत म्हणून तारेची छोटी कडी बसवणार आहे. मामाने तार हातात घेऊन तिचा गेज विचारला आणि मला माहीत नव्हता. मी बघून सांगतो म्हणालो.

कालच्या फेरीत अक्का म्हणाल्या की मुलगी दुसऱ्यांदा भात मागते. वजन अजून तेवढंच आहे, पण एका आठवड्यात काय वाढणार. पाट्टी आणि मामा यांचं पूर्ण जुळलं असं समजू नका. कान टोचायचं ठरलं आहे, तै महिन्यात, पोंगल झाल्यावर. पण जेवण देवळात की घरी यावर वाद चालू आहे, आणि तोही अक्कांच्या मार्फत.

चिठ्ठी दिलेली बाकीची मुलंही येताहेत. सगळी नाही, पण येताहेत, आणि आणणारे बहुतेक मामाच. वाट बघताना ते बाकावर बसून एकमेकांना आपापले दात दाखवतात. दोघांनी माझ्याकडे स्वतःची नावं नोंदवली.

आता एक अडचण विचारतो. पुढच्या गावात असंच करायचं म्हणून आम्ही घरं मोजली, तर तिथे बरेच मामा तिरुपूरला कापडाच्या कारखान्यांत आहेत. आणि एका मुलाच्या आईला भाऊच नाही, चार बहिणी. त्या मुलाची अवस्था सगळ्यांत वाईट आहे. त्याला कुणाच्या मांडीवर बसवायचं? अक्का म्हणाल्या, चुलतमामा चालतो. चुलतमामाही नाही. मग म्हणाल्या, शेजारचा एक पेन्शनर आहे, तोच त्या मुलाच्या आईच्या लग्नात तिचा भाऊ म्हणून उभा राहिला होता, त्याला विचारू. म्हणजे जो एकदा भाऊ म्हणून उभा राहिला तो पुढे कायमचा मामा होतो का? आपल्या लोकांत असं आहे का, आणि पुण्याकडे कसं करतात? तुमच्या शेजारणींनाही विचारा.

पेन्शनरांना गुडघेदुखी आहे असं कळलं. आमची बसायची पद्धत त्यांना झेपेल की नाही ते बघायला उद्या सकाळी त्यांच्याकडे जातो आहे.

तुमचा विद्यार्थी